दाभोळच्या खाजणांतील सेतु आणि वाट

दाभोळचा इतिहास म्हणून आजवर जें लिहिलें गेलें तें बहुतेक पाण्यावरचें आहे. बहामनी राज्याचें हें मोठें बंदर. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रशियन व्यापारी अफनासी निकितीन या देशांत आला तेव्हां त्याच्या प्रवासवृत्तांत या बंदराचें नांव आलें. इ.स. १५०८ (शके १४३०) च्या डिसेंबरांत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द आल्मैदा यानें दीवकडे जातां जातां तें जाळलें. पुढें आदिलशाही, शके १५८३ च्या सुमारास शिवाजी महाराजांचा अंमल, समोरच्या तीरावरील अंजनवेलच्या कोटावर हबशांचा ताबा, तुळाजी आंग्र्यानें त्या कोटास दिलेलें गोपाळगड हें नांव, तुळाजीच्या पाडावानंतर पेशव्यांचें निशाण व इ.स. १८१८ त इंग्रजांचें. हा सर्व क्रम वाचकांस विदित आहे. प्रस्तुत लेखांत यांपैकीं कशाचेंच विवेचन करण्याचा आमचा मानस नाहीं. पाणी व जमीन यांच्यामध्यें जी तिसरी वस्तु आहे, जी भरतीस समुद्र असते व ओहोटीस भूमि होते, त्या खाजणाविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि त्यांतही विशेषतः एका प्रश्नाविषयीं कीं, त्या खाजणांतून वाट कोणाची?

हा प्रश्न आज फार निकडीचा झाला आहे. खाडीकांठीं जागा घेऊन तेथें घर, विश्रामगृह किंवा कोठार बांधूं पाहणारा मनुष्य प्रथम वाट मागतो. ती वाट बहुधा तिवरांतून किंवा जुन्या बांधावरून जाते. बांधाच्या आंत ज्यांचीं भातखाचरें आहेत ते एक सांगतात, वनखातें दुसरें सांगतें, मोजणीचा नकाशा तिसरेंच दाखवितो. अशा वादांत दोन्ही पक्ष 'पूर्वापार वहिवाट' हा शब्द मोठ्या आवेशानें उच्चारतात. पूर्वापार म्हणजे काय होतें, हें पाहणें इतिहासाच्या अभ्यासकांचें काम आहे. तें त्यांनीं न केल्यास दुसरा कोणी करणार नाहीं.

दाभोळ गांव खाडीच्या उत्तर तीरावर, मुखापासून थोडें आंत वसलें आहे. पाठीशीं उंच डोंगर, पुढें वाशिष्ठीचें पाणी, आणि या दोहोंमध्यें जमिनीची अरुंद पट्टी. दालभ्य ऋषीच्या नांवावरून गांवास नांव पडलें असें स्थलपुराण सांगतें. तें व्युत्पत्तीच्या कसोटीस उतरो वा न उतरो, दालभ्येश्वराचें देऊळ मात्र आहे. मुसलमानी अमदानींत मुस्तफाबाद हेंही नांव चालत होतें. पट्टी अरुंद असल्यामुळें येथें सपाट जमिनीचें मोल नेहमींच अधिक. खाडीनें वर जावें तसतशी दोन्ही तीरांस आंत शिरलेलीं आखातें लागतात; त्यांत गाळ सांचून खाजणें झालेलीं दिसतात. जेथें भरतीचें पाणी शिरतें तेथें तिवर, चिपी व कांदळ माजतात. जेथें पूर्वजांनीं बांध घालून पाणी अडविलें तेथें खारें भात पिकतें, किंवा पिकत असे. 'खार' हा शब्द 'क्षार' शब्दापासून सरळ आलेला आहे. 'खाजण' शब्दाचें कुळ तितकें सरळ नाहीं. त्यावर व्युत्पत्तिशास्त्राची कसरत करण्यापेक्षां तो कागदांत कसा वापरला आहे हें पाहणें बरें. सामान्यतः न बांधलेली खारवट दलदल तें खाजण, व बांध घालून लागवडीस आणलेली ती खार, असा भेद केला जातो; पण तो सर्वत्र पाळला जातोच असें नाहीं. गोमंतकांत बांधलेल्या भूमीसही खाजणच म्हणतात.

खार करण्याची रीत ठाऊक नसेल त्यास पुढील वाद समजणार नाहीं, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों. ओहोटीच्या वेळीं खाजणांतील चिखलाचे गोळे कापून ते एकावर एक रचून बाहेरचा बांध घालतात. पाण्याच्या माऱ्याच्या अंगास दगडाची पिचिंग असते. बांधास जागोजाग उघाड्या ठेवितात. उघाडी म्हणजे लांकडी झडपेचें दार. ओहोटीस आंतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्यानें तें बाहेर उघडतें व भरतीस बाहेरच्या पाण्याच्या दाबानें आपोआप मिटतें. बांध पुरा झाला तरी जमीन लगेच पिकत नाहीं. दोन-तीन पावसाळे तिच्यांतील खार धुपून जावा लागतो. पुढेंही नांगर घालण्याची सोय नसते. मोड आणलेलें बीं, ज्यास रहू म्हणतात, तें चिखलांत फेंकून पेरतात. आणि हें सर्व एका उधाणांत जाऊं शकतें. खेकड्यांनीं पोंखरलेल्या बिळांतून प्रथम पाणी झिरपतें, मग एखाद्या अमावास्येच्या उधाणास बांध फुटतो. त्यास 'खांड पडली' असें म्हणतात. खांड त्याच भांगांत, म्हणजे पुढचें उधाण येण्यापूर्वीं, बुजविली नाहीं तर ती रुंदावत जाते व एकाच्या हयगयीनें सर्वांची शेतें खारीं होतात. म्हणून खांड पडली कीं घरटीं माणूस बांधावर जाई. यांत धर्म, जात, कूळ, खोत असा भेद करण्यास भरती सवड देत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. खारेंत कोरडी वाट एकच, आणि ती म्हणजे बांधाचा माथा. शेतांत जाणें, पेंढा आणणें, मासळीची पाटी घेऊन धक्क्यावर जाणें, प्रेत नेणें, सर्व बांधावरूनच. परंतु बांध मूळचा वाटेसाठीं नाहीं. तो पाणी अडविण्यासाठीं आहे. ज्याच्या डोक्यावर बांधाच्या दुरुस्तीचा भार, तो म्हणतो कीं पायवाट असूं द्या, पण गाडी नको. गाडीच्या चाकानें माथा खचतो व उधाणास पाणी वरून जातें. ज्यास पलीकडे जावयाचें आहे तो म्हणतो कीं बाप-आजे येथूनच गेले. म्हणजे एकाच वस्तूवर दोन हक्क बसलेले आहेत आणि त्या दोन हक्कांच्या पोटांत दोन भिन्न प्रयोजनें आहेत. खाजणांतील वाटेचे जेवढे वाद आमच्या पाहण्यांत व वाचण्यांत आले, त्यांच्या तळाशीं हेंच द्वैत आहे असें आमचें मत झालें आहे.

संस्कृतांत या दोहोंस मिळून एकच शब्द आहे: सेतु. आज मराठींत सेतु म्हटला कीं पूल डोळ्यांपुढें येतो. धर्मशास्त्रांत सेतु म्हणजे प्रथमतः बांध. नारदानें सेतूचे दोन प्रकार सांगितले आहेत, खेय व बंध्य. जो खणून पाण्यास वाट करून देतो तो खेय, आणि जो पाणी रोखतो तो बंध्य. आमच्या खारीच्या बांधांत हे दोन्ही प्रकार एकत्र आलेले आहेत. बांध हा बंध्य व उघाडी हा खेय. स्मृतिकारांपुढें कोंकणचें खाजण होतें असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं, परंतु त्यांचें वर्गीकरण येथें किती चपखल बसतें हें पाहण्यासारखें आहे.

व्यवहारकांडांत सीमाविवादाच्या प्रकरणीं याज्ञवल्क्यानें सेतूविषयीं दोन नियम घातले आहेत. पहिला असा कीं, ज्या सेतूनें पुष्कळांचें कल्याण होतें व पीडा थोडी होते, तो दुसऱ्याच्या शेतांत आला तरी त्या शेताच्या धन्यानें त्यास आडकाठी करूं नये. दुसरा असा कीं, धन्यास न कळवितां त्याच्या क्षेत्रांत जो सेतु घालील, त्यास त्याचा उपभोग मिळणार नाहीं. फळ क्षेत्राच्या धन्याचें, आणि धनी नसल्यास राजाचें. नारदही सांगतो कीं, पूर्वींचा मोडलेला सेतु धन्यास न विचारतां जो पुन्हां उभारील तो त्या फळाचा भागी होत नाहीं. हे नियम एकत्र वाचले म्हणजे शास्त्राचा तोल लक्षांत येतो. बहुजनहित हें कारण पुरेसें आहे, पण विचारल्यावांचून नव्हे. आजचा जो मनुष्य रातोरात मुरुमाच्या गाड्या ओतून तिवरांत रस्ता करतो आणि मग 'गांवाची सोय झाली' असें म्हणतो, तो पहिल्या नियमाचा आधार घेऊं पाहतो व दुसरा विसरतो.

वाटेविषयींही शास्त्र मुकें नाहीं. ज्या मार्गानें माणसें व गुरें अनिवारित जातात-येतात त्यास निबंधकार 'संसरण' म्हणतात व तो कोणीं रोधूं नये असें सांगतात. अनिवारित हा शब्द महत्त्वाचा. ज्यास कोणीं अडविलें नाहीं तें संसरण. विचारून, परवानगीनें जें जाणें-येणें झालें तें संसरण नव्हे. इ.स. १८८२ च्या इझमेंट कायद्यांत वीस वर्षांचा निर्वेध उपभोग व सरकारी जमिनीबाबत त्याहून दीर्घ मुदत (पूर्वीं साठ, आतां तीस वर्षें) असा जो हिशेब आहे, त्याच्या मागेंही हाच विचार आहे.

हें सर्व शास्त्र काशीचें, कोंकणास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. म्हणून एक गोष्ट नमूद करतों. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'अपरार्क' या नांवाची विस्तृत टीका उत्तर कोंकणच्या शिलाहार राजकुळांतील अपरादित्याची आहे. पहिल्या अपरादित्याचा पुत्र विक्रमादित्य याचा शके १०६१ चा ताम्रपट पन्हाळेकाजी येथें सांपडला. तें स्थळ दाभोळच्याच दापोली तालुक्यांत, खाडीस मिळणाऱ्या कोटजाई नदीच्या कांठीं आहे. मधुसूदन नरहर देशपांडे यांनीं तेथील लेण्यांचा जो ग्रंथ केला त्यांत प्राचीन प्रणालक तें हेंच, असें दाखविलें आहे. प्रणाल म्हणजे पाण्याचा पन्हळ. तेव्हां ज्या राजवंशानें सेतुविवादावर भाष्य केलें त्याच्या सत्तेखालीं ही खाडी होती, इतकें म्हणण्यास हरकत नाहीं. भारतरत्न पांडुरंग वामन काणे, ज्यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासां'त या प्रकरणांचा परामर्श घेतलेला आहे, तेही चिपळूणनजीक जन्मलेले, म्हणजे वाशिष्ठीकांठचेच. योगायोगास पुरावा मानूं नये हें खरें. तरी सांगितल्यावांचून राहवलें नाहीं.

सीमेच्या चिन्हांविषयीं एक बारकी गोष्ट आहे, ती आमच्या मतें पूर्वींच्या लेखकांच्या नजरेंतून सुटली. मनु व याज्ञवल्क्य हे सीमेवर कोळसे, भूस, हाडें, विटा, वाळू इत्यादि वस्तु पुरून ठेवण्यास सांगतात, म्हणजे पुढें वाद पडल्यास खणून पाहतां येईल. साक्षीदारानें तांबडीं वस्त्रें व तांबड्या फुलांची माळ धारण करून, डोक्यावर माती घेऊन, सीमा चालून दाखवावी असेंही विधान आहे. मराठी अमदानींतील महजर व निवाडपत्रें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस शिवेवरून चालण्याच्या दिव्याचा परिचय आहेच. परंतु खाजणांत यांपैकीं कांहीं चालत नाहीं. पुरलेला कोळसा उधाणानें जातो, दगड चिखलांत खचतो, झाड वाढतें तें पाण्याच्या मर्जीनें. याज्ञवल्क्याच्या चिन्हांपैकीं एकच चिन्ह येथें टिकतें, आणि तें म्हणजे सेतु. यामुळें खाजणांत बांध हा एकाच वेळीं पाण्याचा अडसर, लोकांची वाट व शेताची सीमा झालेला आहे. बांध गेला कीं तिन्ही गेलीं. मग पाणीही आंत, वाटही नाहीं आणि कोणाचें किती हेंही ठरत नाहीं.

आतां कागदांकडे वळूं. खाजण बांधण्यासाठीं सरकारांतून कौल मिळे. भांडवल घालणाऱ्यास कांहीं वर्षें धारा माफ, पुढें इस्तावा, म्हणजे वर्षावर्षास चढता आकार, व शेवटीं पुरी बेरीज, अशी सर्वसाधारण रीत. इ.स. १६७६ त शिवाजी महाराजांनीं प्रभावळीच्या सुभेदारास, रामाजी अनंतास, जें पत्र लिहिलें त्यांतील रयतेस बैल-बियाणें देऊन लागवड वाढविण्याचें धोरण या रीतीशीं जुळतें. पेण-अलिबाग भागांत हीच पद्धति 'शिलोत्री' या नांवानें पक्की झाली. शिलोत्रीदारानें बाहेरचा बांध राखावा व त्यासाठीं सरकारधाऱ्याशिवाय बिघ्यास मणभर भात कुळांकडून घ्यावें. हा शिलोत्री मण म्हणजे बांधाचा खर्च होय. बांध राखला तोंवर हक्क. रत्नागिरी जिल्ह्यांत मुख्यतः खोती असल्यामुळें येथें हें काम बहुतेक खोतांकडे गेलें. खोतानें कौल घ्यावा, कुळांनीं चिखल वाहावा, पीक वांटून घ्यावें. आणि खांड पडली कीं ती कोणाच्या खर्चानें बुजवावी यावर भांडावें. हा शेवटचा कज्जा जेथें विकोपास गेला तेथें बांध तसाच राहिला व जमीन खाडीनें नेली.

इंग्रजी अंमलांत इ.स. १८७९ (शके १८०१) च्या जमीन महसूल कायद्यानें भरतीरेषेखालील समुद्र व खाड्यांचा तळ, तसेच सार्वजनिक रस्ते व पायवाटा, सरकारच्या मालकीचीं ठरलीं. खारवट दलदल बांधण्यासाठीं पट्टे देण्याचे नियम झाले. पहिलीं दहा वर्षें धारा नाहीं. पुढील वीस वर्षें सर्व क्षेत्रावर, मग तें बांधलें असो वा नसो, एकरीं चार आणे. तीस वर्षांनंतर भातजमिनीच्या दरानें पुरा आकार. काम वेळेंत न झाल्यास पट्टा रद्द. या नियमांत एक वाक्यखंड असा आहे कीं, कलेक्टरानें सार्वजनिक रस्त्यांसाठीं राखून ठेवलेला म्हणून दाखला दिलेला भाग त्या चार आण्यांतून वगळावा. हें कलम रुक्ष दिसतें, परंतु प्रस्तुत विषयास तें फार मोलाचें आहे. खाजण बांधणाऱ्याच्या खासगी उद्योगांतही सार्वजनिक वाट आधींच वेगळी काढली जाई, तिच्यावर धारा नसे, आणि धारा नव्हता हाच ती खासगी नसल्याचा पुरावा. ज्या खारीचा पट्टा व आकाराचे हिशेब उपलब्ध आहेत, तेथें वाटेचा वाद तोंडी साक्षींवर सोंपविण्याचें कारण नाहीं. क्षेत्र आणि आकार यांची वजाबाकी करावी.

इ.स. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यानें शेताची वाट किंवा पाण्याचा ओघ अडविणाऱ्याविरुद्ध झटपट दाद मागण्याची सोय झाली, व इ.स. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमांत शेजाऱ्याच्या बांधावरून शेतास वाट देण्याचा अधिकार तहसीलदारास आला. हे दोन्ही कायदे शेतकऱ्याची सोय पाहणारे आहेत. शेतास वाट म्हणजे बैल, पेंढा व कापणीची वाट. तीच वाट पुढें घरबांधणीच्या वाळू-विटांस लागू होते काय, हा निराळा प्रश्न. आमच्या मतें शास्त्र, रूढि व कायदा यांपैकीं कोणीही प्रयोजन बदलल्यावर जुनी वाट आपोआप रुंद झाली असें म्हणत नाहीं.

खारेपाटाच्या इतिहासांत चरीचा संप हें मोठें प्रकरण आहे. अलिबाग तालुक्यांतील चरी येथें इ.स. १९३३ त नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं खोतांचीं शेतें करण्याचें बंद केलें व तो संप सुमारें सहा-सात वर्षें चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यास पाठिंबा दिला व सप्टेंबर १९३७ मध्यें मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. खोती प्रत्यक्षांत गेली ती इ.स. १९४९ च्या कायद्यानें. कुळें मोकळीं झालीं हें योग्यच झालें. परंतु खोताबरोबर बांध राखण्याची जबाबदारी कोणाकडे गेली, हा प्रश्न मागें राहिला. इ.स. १९४८ चा मुंबईचा खार जमिनींचा कायदा व त्याच्या जागीं आलेला इ.स. १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम यांनीं ती जबाबदारी बऱ्याच अंशीं सरकारी खात्याकडे आणली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें खारांत तगणाऱ्या भाताच्या जाती काढल्या. पण घरटीं माणूस बांधावर जाण्याची जी चाल होती ती कायद्यानें उत्पन्न होत नाहीं. मुंबईस गेलेल्या मुलखांत माणूसच नसेल तर खांड बुजवावयाची कोणीं? परिणाम असा झाला कीं, अनेक ठिकाणीं खांडी उघड्या राहिल्या, भरती आंत आली व कांहीं पावसाळ्यांत खाचरांच्या जागीं तिवरांचें रान झालें. ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे त्याच्या जमिनींत पाय ठेवण्यास आज जागा नाहीं, अशी स्थिति पेण-अलिबागपासून रत्नागिरीपर्यंत पाहावयास मिळते.

यानंतर वादाचें स्वरूपच पालटलें. पूर्वीं तिवर म्हणजे पडीक. इ.स. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनें त्यास संरक्षण आलें. मुंबई उच्च न्यायालयानें ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशानें व पुढें १७ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयानें महाराष्ट्रभर तिवरांची तोड बंद केली. जमीन सरकारी असो वा खासगी, तिवरांपासून पन्नास मीटरांत बांधकाम नाहीं. सार्वजनिक हितासाठीं अपरिहार्य असेल तेव्हांच, आणि तेंही न्यायालयाच्या अनुज्ञेनें. दाभोळसारख्या गांवीं, जेथें डोंगर व खाडी यांतील पट्टी मुळांतच अरुंद, तेथें हे पन्नास मीटर म्हणजे बरीचशी सपाटी होय. राखीव वनाविषयीं तर इ.स. १९२७ च्या वनकायद्यांत नवी वाट वहिवाटीनें मिळत नाहींच, उलट असलेली वाटही पर्यायी सोय करून बंद करतां येते.

बांधासंबंधींही न्यायालयांचा दृष्टिकोन पाहण्यासारखा आहे. इ.स. २०११ त सर्वोच्च न्यायालयापुढें मुंबईकडील मिठागराच्या बांधाचा वाद आला. दुरुस्ती म्हणून जो बांध झाला त्यानें भरतीचें पाणी अडून तिवरें मेलीं, अशी तक्रार होती. पाण्यास पुन्हां वाट करून देण्याच्या बाजूनें निर्णय झाला. म्हणजे नारदाचा बंध्य सेतु, जो हजार वर्षें कल्याणकारक मानला गेला, तोच येथें अपराधाचें साधन ठरला. यावरून जुन्या बांधांस दूषण देणें चुकीचें होईल. भात पिकविणारा बांध उघाडीसह असतो व आंत माणसाचें अन्न उभें असतें. इमारतीसाठीं भराव घालणाऱ्याच्या बांधास उघाडी नसते. या दोहोंतील भेद मोजणीच्या नकाशावर दिसत नाहीं, कारण नकाशावर दोन्ही एकाच रेघेनें दाखविलेले असतात. ज्यांस बांध आणि भराव यांतील अंतर कळत नाहीं त्यांनीं खाजणाचे निवाडे करूं नयेत, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

याहून नाजूक गोष्ट रस्त्याची. किनारा नियमनाच्या पद्धतींत शहरी हद्दीच्या वसलेल्या भागांत अस्तित्वांत असलेल्या रस्त्याच्या जमिनीकडील बाजूस बांधकाम होऊं शकतें, समुद्राकडील बाजूस नाहीं. याचा अर्थ रस्ता ही नुसती वाट राहिली नाहीं. ती हक्काची मर्यादा झाली. मग जुना बांध 'रस्ता' म्हणून नोंदला गेला तर त्याच्या आंतलें सारें खाचर बांधकामास मोकळें होण्याचा मोह उत्पन्न होतो. हें ओळखूनच, नव्या रस्त्याच्या आधारें आंतील भाग खुला होऊं नये अशी तरतूद करण्यांत आली. इ.स. २०१९ च्या अधिसूचनेंत तिवरांतून रस्ता किंवा खांबांवरील मार्ग केवळ संरक्षण, सामरिक गरज व सार्वजनिक सेवा यांसाठीं, अपवाद म्हणून, व जितकीं तिवरें जातील त्यांच्या तिप्पट क्षेत्रावर लावणी करून, एवढाच मान्य आहे. खांबांवरचा मार्ग म्हणजे सेतु शब्दाचा आजचा अर्थ. पाणी न अडवितां माणूस पार जातो. स्मृतींतला सेतु पाण्यास थांबवी. हा त्यास जाऊं देतो. एका शब्दाच्या दोन अर्थांत कायद्याचा सगळा झोंक आलेला आहे.

गोमंतकाची स्थिति तुलनेनें बरी. तेथील गांवकऱ्यांच्या व्यवस्थेची नोंद अफोंसु मेशिया यानें इ.स. १५२६ त फोरालांत केली, त्यामुळें बांध व मानस (उघाडीचें तिकडील नांव) हे गांवाचे सामाईक, ही गोष्ट लेखी राहिली. इ.स. २०११ च्या अधिसूचनेंत गोव्याच्या खाजणांचा नांवानिशी उल्लेख होऊन तेथें विकासकामांस बंदी घातली गेली. एका जुन्या कागदाचें बळ किती असतें याचें हें उदाहरण होय. आमच्याकडील खारांस असा उल्लेख लाभला नाहीं. आणि इ.स. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत भातखाचरें व मिठागरें वगळलीं आहेत, तेव्हां खार ही पिकते तोंवर शेत, बांध फुटला कीं वन, आणि मधल्या काळांत ती कोणाच्याच व्याख्येंत नीट बसत नाहीं.

दाभोळच्या नांवानें जगभर जो वाद गाजला तो वास्तविक दाभोळचा नव्हे. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाची जागा खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यांत अंजनवेल, वेलदूर, रानवी या बाजूस. नांव मात्र उत्तर तीराचें. इ.स. १९९२ त करार झाला, इ.स. १९९७ त वेलदूरच्या कोळी स्त्रियांवर पोलिसांचा प्रसंग गुदरला, इ.स. २००१ त वीज बंद पडली. जमीन, पाणी आणि मासेमारीची वाट हे तीन प्रश्न तेथेंही होतेच. परंतु एवढ्या मोठ्या प्रकरणाच्या गलबल्यांत लहान बांधांची कोणीं विचारपूस केली नाहीं. दाभोळ व धोपावें यांमध्यें इ.स. २००३ पासून वाहनें नेणारी फेरी चालूं झाली, तेव्हांपासून दोन तीरांचें अंतर कमी झालें आणि कांठच्या जमिनींकडे बाहेरच्यांची दृष्टि अधिक वळली, हें साहजिकच आहे.

या खाडीच्या खारांचे कौल, इस्ताव्याचे ताळेबंद, पट्टे व खांड-दुरुस्तीच्या मजुरीच्या याद्या अजून पुष्कळ घरांतून पडून असतील. संग्राहक सनदा व शिक्क्याचीं पत्रें जपतात आणि मजुरीच्या याद्या रद्दींत देतात, असा अनुभव आहे. वास्तविक बांधाचें नांव, त्याची लांबी काठ्यांत, उघाड्यांची संख्या, बांधावर कोण कोण आलें व कोणीं वाट मागितली हें सर्व त्या याद्यांतच असतें. सदरहू कागद ज्यांच्या दप्तरांत आहेत त्यांनीं त्यांच्या बाळबोध नकला, बांधाच्या व उघाडीच्या स्थानिक नांवांसह, पाठविल्यास त्या अनुक्रमानें छापण्याची तजवीज करतां येईल; आणि ज्या बांधाचें नांव कागदांत आहे पण जाग्यावर आतां तिवर आहे, त्याची जागा गांवांतील वृद्ध कोळी अथवा कूळ हयात आहे तोंवर ओहोटीच्या वेळीं जाऊन दाखवून घ्यावी.